मणक्याच्या एमआरआयचा रिपोर्ट घरी पोहोचतो तेव्हा

महाराष्ट्रातल्या सर्व रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. येणाऱ्यांत कंबरदुखीचे लोक सगळ्यात जास्त. त्यांच्या हातात कापडी पिशवी असते आणि पिशवीत मिरज, सांगली किंवा कोल्हापूरहून आणलेली फिल्म आणि रिपोर्ट. म्हणजे तुमची-माझी ओळख नसली तरी तुमचं लिखाण मी रोज वाचते. तुमचे रिपोर्ट चुकतात अशी माझी तक्रार नाही. अगदी बरोबर असलेल्या रिपोर्टमुळेही माणसं कशी आजारी पडतात, ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण तुम्हाला ते दिसत नाही. तुमच्याकडून पेशंट पाकीट घेऊन निघून जातो.

रिपोर्ट तुम्ही डॉक्टरांसाठी लिहिता. वर ‘रेफर्ड बाय’ म्हणून त्यांचंच नाव असतं, भाषाही त्यांचीच. पण पाकीट उघडलं जातं ते सेंटरच्या बाहेर, मोटारसायकलच्या सीटवर ठेवून. रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर बारावीतला मुलगा ‘इम्प्रेशन’ म्हणजे निष्कर्षाखालच्या ओळी वाचतो, नाहीतर फोटो काढून पुण्यात कंपनीत असलेल्या भाच्याला पाठवतात. भाचा गूगल करतो. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळते आणि तोवर घरात निदान पक्कं झालेलं असतं. माझ्याकडे आलेला माणूस मग ‘कंबर दुखते’ असं म्हणतच नाही. ‘तीन मणके गेलेत’ म्हणतो. ‘गादी सरकलीय’, ‘गॅप आलाय’, ‘नस दबलीय, आता ऑपरेशनच’. आणि हे सांगत असताना तो व्यवस्थित चालत आलेला असतो, पायात ताकद असते, वाकायला सांगितलं तर वाकूही शकत असतो. फक्त वाकायची त्याला भीती वाटते.

आमच्याकडे बायका भांगलायला, म्हणजे शेतातलं तण काढायला जातात. सकाळपासून उकिडवं बसून, वाकून काम. अशीच एक चाळिशीतली बाई. या वेळचं दुखणं तीन आठवड्यांचं. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. तरी एमआरआय झाला. रिपोर्टात एल-थ्री ते एस-वन अशा कंबरेखालच्या तिन्ही ठिकाणी ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’, ‘डेसिकेशन’ आणि ‘इंडेंटिंग द थीकल सॅक’. म्हणजे मणक्यांमधल्या चकत्या (गाद्या) थोड्या फुगून बाहेर आलेल्या, त्यांतलं पाणी कमी झालेलं आणि नसांभोवतीच्या पिशवीला त्या टेकलेल्या. मग कंबरेला पट्टा आला, खाली बसायचं बंद, कळशी उचलायची बंद. टोळीत तिच्या जागी दुसरी बाई गेली आणि रोजगार बुडाला. लेक बाळंतपणाला माहेरी आली तर ही नातवंडाला मांडीवर घ्यायला तयार नाही, खाटेवर बसून नुसती बघायची. नवरा वेगळा झोपायला लागला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, ‘मणक्याला काही झालं तर’ या भीतीनं. हे तिनं मला पहिल्या भेटीत सांगितलं नाही. कितव्या तरी भेटीला, पट्टा सोडता सोडता, खाली बघत सांगितलं.

पण याच बाईच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र एकांगी होईल. फिल्म यायच्या आधी तिच्या दुखण्यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. ‘काम आलं की हिची कंबर दुखते’ हे तिनं वर्षानुवर्षं ऐकलेलं. फिल्म आली आणि सासू गप्प झाली. पहिल्यांदाच तिला कुणीतरी ‘बस जरा’ म्हणालं. ती फिल्म कपाटात, साड्यांच्या घडीत, नीट जपून ठेवलेली असते आणि पाहुणे आले की बाहेर निघते. मी तिला ‘अहो मावशी, यात घाबरण्यासारखं काही नाही’ म्हणते, तेव्हा तिला ते दिलासा म्हणून ऐकूच येत नाही. मी तिचा एकमेव पुरावा काढून घेतेय असं तिला वाटतं. आमच्या धंद्यात हे शिकायला फार वेळ लागतो. कंबरदुखीच्या बाईला आधी तुमचं दुखणं खरं आहे हे सांगावं लागतं, मणके ठीक आहेत हे त्याच्यानंतर.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरातला एक अभ्यास छापून आला होता. किमान सहा आठवडे कंबर दुखत असलेले ४२१ रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले, एका गटाचा एक्स-रे काढला, दुसऱ्याचा नाही. तीन महिन्यांनी बघितलं तर एक्स-रे काढलेल्यांत दुखणं कायम असणारे जास्त निघाले आणि डॉक्टरकडच्या त्यांच्या फेऱ्याही जास्त. तरीही नऊ महिन्यांनी मिळालेल्या उपचारांबद्दल समाधानी कोण, तर तेच! वाईट अवस्थेत आणि जास्त समाधानी. भांगलणीच्या त्या बाईला बघितल्यावर मला या निकालाचं आश्चर्य वाटेनासं झालं.

सांगलीत हळदीचा बाजार आहे, बेदाण्याचा आहे, म्हणजे पोती आहेत आणि पोती उचलणारे हमाल आहेत. हमालाच्या हातात तुमचा रिपोर्ट पडतो तेव्हा त्याचं भांडवलच कुणीतरी ‘डिजनरेटेड’, झिजलेलं, म्हणून शिक्का मारून परत दिलेलं असतं. पन्नाशीच्या माणसाला ‘वजन उचलू नका’ सांगणारे डॉक्टर पुढे काय करायचं ते सांगत नाहीत. हलकं काम कुठून आणायचं त्यानं? अशांपैकी काही जण दुसऱ्याच आठवड्यात गुपचूप पुन्हा पाठीवर पोतं घेतात, पण आता प्रत्येक पोत्याला धास्ती असते, अंग ताठ धरून, श्वास रोखून उचलतात, आणि त्यानंच जास्त दुखतं. काही जण घरी बसतात. मुकादमाला कळू नये म्हणून रिपोर्ट लपवणारेही आहेत.

लपवण्यावरून आठवलं. लग्नाच्या मुलींच्या आया माझ्याकडे सगळ्यात शेवटच्या वेळेला येतात, दवाखाना रिकामा झाल्यावर. मुलगी बँकेत किंवा शाळेत नोकरीला, वय सव्वीस-सत्तावीस, बसून बसून कंबर धरलेली. एमआरआयमध्ये एका ठिकाणी ‘मिनिमल बल्ज’. आई दार लोटून घेते आणि म्हणते, ‘मॅडम, लग्न जमेपर्यंत कुणाला बोलू नका.’ त्या मुलीचं बाळंतपण होईल का, नीट होईल का, असा प्रश्न तिच्यासमोर विचारला जातो. सव्वीस वर्षांच्या मुलीला त्या एका ओळीनं आपण सदोष आहोत असं वाटायला लागतं. पायी वारी करणारे आजोबा एसटीनं थेट पंढरपूर गाठायला लागतात, ते तर मी आता मोजतही नाही.

आता तुमच्याच शाखेचे आकडे तुम्हाला सांगायचं धाडस करते. ‘अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी’मध्ये २०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातले ३,११० लोक असे, की ज्यांची कंबर दुखतच नव्हती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली, चाळिशीतल्या ६८ टक्के, पन्नाशीत ८० आणि ऐंशीत ९६. बल्ज विशीत ३०, चाळिशीत ५०, पन्नाशीत ६० टक्के. म्हणजे चाळिशीतल्या त्या बाईच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या बायका रांगेनं तुमच्या मशीनमध्ये घातल्या तर निम्म्यांच्या रिपोर्टात बल्ज येणार. केस पिकावेत तसं हे आहे. पण केस पिकल्याचा रिपोर्ट कुणी इंग्रजीत छापून देत नाही आणि त्याखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ही (रुग्णाला तपासून पडताळा घेणं) सुचवत नाही. हे आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला ते कुणी सांगितलेले नसतात, एवढंच.

दुसरा अभ्यास २०१७चा, अमेरिकेतला. पायात कळ जाणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरवर एमआरआय केला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे निष्कर्ष निघाले. दहाही ठिकाणी सापडला असा निष्कर्ष एकही नव्हता आणि साधारण एक तृतीयांश तर एकेकाच रिपोर्टात होते. यावरून तुम्हाला नावं ठेवायची नाहीत. अशा बारीक गोष्टी कुणी नोंदवायच्या, कुणी सोडायच्या, हा प्रत्येकाच्या सवयीचाही भाग असतो. पण घरात मात्र तो कागद सातबाऱ्यासारखा अंतिम मानला जातो. कोणत्या सेंटरला गेलो त्यावर माणसाचं पुढचं वर्ष ठरतं, हे मला अस्वस्थ करतं.

आणि तिसरा अभ्यास आपल्याच देशातला. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधले मणक्याचे सर्जन डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०२१ साली ‘युरोपियन स्पाइन जर्नल’मध्ये छापला. जुनाट, पण गंभीर कारण नसलेल्या कंबरदुखीचे रुग्ण घेतले. काहींना एमआरआयचा रिपोर्ट जसाच्या तसा, एकेक शब्द समजावून सांगितला. इतरांना एवढंच सांगितलं, की तुमचा एमआरआय नॉर्मल आहे, दिसताहेत ते वयानुसार होणारे बदल आहेत. सहा आठवड्यांनी, सगळं ‘समजावून’ सांगितलेल्यांना आपला मणका जास्त बिघडलेला वाटत होता, दुखणं कमी उतरलं होतं आणि हालचालही कमी सुधारली होती. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तेच एमआरआय नेहमीच्या पद्धतीनं आणि साध्या, रुग्णाला धरून असलेल्या भाषेत असे दोन प्रकारे लिहून डॉक्टरांना दाखवले. साध्या भाषेतला रिपोर्ट वाचला तेव्हा डॉक्टरांनाही आजार कमी गंभीर वाटला आणि ऑपरेशनची गरज कमी वाटली. म्हणजे घाबरणारा फक्त बारावीतला मुलगा नाही.

तुम्ही सगळं का लिहून टाकता, हेही मला कळतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून ‘दिसलं होतं पण लिहिलं नाही’ ही भीती डॉक्टरांच्या मानेवर आहे. शिवाय तुम्हाला येणाऱ्या चिठ्ठीवर काय असतं? ‘लो बॅक पेन’, म्हणजे कंबरदुखी, आणि सही. किती दिवस दुखतंय, पायात जातंय का, रुग्ण हमाली करतो की दुकानात बसतो, काहीच नाही. तालुक्यातल्या मशीनवर काढलेला स्कॅन तर कुठल्या तरी मोठ्या शहरात बसलेले रेडिओलॉजिस्ट वाचतात, त्यांना तो माणूस या जन्मी दिसणार नाही. आणि कटबद्दल, म्हणजे रुग्ण पाठवल्याच्या कमिशनबद्दल, काय बोलायचं? २०१७ साली राज्यात कट प्रॅक्टिस रोखण्याच्या कायद्याचा मसुदा तयार झाला होता. तो कायदा काही झाला नाही. कमिशन घेणं-देणं वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांतही निषिद्ध आहे, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कितीतरी जणांना ते मनापासून खुपतं, हेही ऐकून आहे. पण तीन आठवड्यांच्या साध्या कंबरदुखीचा एमआरआय का होतो, याचं उत्तर शोधताना हा विषय टाळता येत नाही, म्हणून एवढाच उल्लेख.

मी एमआरआयच्या विरोधात आहे असं कुणी वाचू नये. लघवी अडकली, शौचाचं भान गेलं, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, तर त्याच दिवशी स्कॅन हवा. पाऊल उचलता येईनासं झालं, कॅन्सर होऊन गेला आहे, मोठा मार लागला आहे, तरीही थांबायचं नाही. जगातले साधारण चौथा हिस्सा क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. रोज संध्याकाळी ताप, उतरणारं वजन आणि रात्री झोपू न देणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या टीबीची शंका घ्यायलाच हवी, आणि तिथे तुमच्या नजरेइतकं मोलाचं काही नाही. परदेशातल्या मार्गदर्शक सूचना आपल्याकडे डोळे मिटून वापरता येत नाहीत, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण अशी लक्षणं काहीच नसलेल्याचा स्कॅन पहिल्या सहा आठवड्यांत नको, हे तर आपल्याकडेही लागू पडतं. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सहा चाचण्यांतल्या १,८०४ रुग्णांचं विश्लेषण आलं होतं. असे फोटो लगेच काढल्यानं ना दुखणं जास्त कमी झालं, ना रोजच्या हालचाली जास्त सुधारल्या.

तर माझं मागणं काय?

इम्प्रेशनमध्ये महत्त्वाचं आणि वयोमानाचं वेगळं करा. तातडीनं काही करावं लागेल असं काही नसेल तर तसं पहिल्याच ओळीत, ठळक लिहा. मग खाली हवे तेवढे बल्ज नोंदवा, कोर्टात दाखवायला ते आहेतच. चकतीच्या बाहेरच्या कड्यात फट दिसली की ‘अॅन्युलर टिअर’ लिहिणारे अजूनही खूप आहेत. चकत्यांच्या परिभाषेवर अमेरिकेतल्या मणक्याच्या आणि न्यूरोरेडिओलॉजीच्या संघटनांनी २०१४ साली एकमतानं जो सुधारित दस्तऐवज काढला, त्यात ‘टिअर’ न वापरता ‘फिशर’ (भेग) लिहा असं म्हटलेलं आहे, कारण टिअर म्हटलं की काहीतरी मार लागून फाटलं असा अर्थ निघतो. ‘एक्स्ट्रुजन’ (चकतीतला भाग जास्तच बाहेर आलेला) किंवा ‘सिक्वेस्ट्रेशन’ (तो तुकडा तुटून सुटलेला) असेल तेव्हा ते लिहायलाच हवं, पण २०१५च्या एका आढाव्यात तुटून सुटलेल्या चकत्यांपैकी ९६ टक्के आणि एक्स्ट्रुजनपैकी ७० टक्के ऑपरेशनशिवाय आपोआप लहान झाल्याचं दिसलं होतं. ज्या शब्दाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, तीच चकती विरघळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ही माहिती रुग्णाला कधी मिळतच नाही.

नुसती एक ओळ टाकून भागेल असं मात्र समजू नका. अमेरिकेत दोन लाखांहून जास्त रुग्णांच्या रिपोर्टांत, न दुखणाऱ्या लोकांतही असे बदल किती आढळतात याचे आकडे छापून बघितले. २०२०मध्ये निकाल आला: तपासण्या, ऑपरेशनं यांच्या वापरात एकंदरीत फरक पडला नाही, अफूवर्गीय वेदनाशामकं थोडी कमी लिहिली गेली इतकंच. तो मजकूर डॉक्टरांसाठी, डॉक्टरी भाषेत होता. तो न वाचताच पुढे गेलेले डॉक्टर किती असतील, कोण जाणे. माझं म्हणणं वेगळं आहे. मजकूर रुग्णासाठी हवा, मराठीत हवा, आणि शक्य असेल तिथे तुम्ही स्वतः दोन मिनिटं त्या माणसाला आत बोलवा. ‘काका, मी तुमचा फोटो नीट बघितला. धोक्याचं काही नाही. पुढचं तुमचे डॉक्टर सांगतील.’ सोनोग्राफीच्या खोलीत तुम्ही रुग्णाशी बोलताच की. एमआरआयच्या रुग्णाला मात्र काउंटरवरून पाकीट मिळतं.

आणि तुमच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं असतं, आमचं फारसं नसतं. त्यांना एक सांगा. स्कॅनला पाठवतानाच रुग्णाला सांगून ठेवा, की यात काही ना काही दिसणारच आहे, तुमच्या वयाच्या बहुतेकांचं दिसतं. हे आधी सांगितलं तर त्याला माहिती वाटते. रिपोर्ट आल्यावर सांगितलं की समजूत घातल्यासारखं वाटतं. आम्हा फिजिओथेरपिस्टांनाही तोंड बंद ठेवायला शिकावं लागेल. ‘मणका सरकलाय, मी बसवून देतो’ म्हणणारे आमच्यातही कमी नाहीत.

रिपोर्टसोबत देता येईल असा मजकूर मी लिहून पाहिला आहे:

‘तुमच्या कमरेचा एमआरआय आम्ही तपासला आहे. चकतीची झीज किंवा चकती थोडी बाहेर येणं हे कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही दिसतं. चाळिशीत निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांत आणि त्यापुढे आणखी जास्त लोकांत. फक्त एवढ्यामुळे मणका कमकुवत झाला असं होत नाही. तुमचं दुखणं खरं आहे, पण त्याचं कारण दर वेळी फोटोत दिसतंच असं नाही. चालणं, बसणं-उठणं आणि रोजचं काम जमेल तसं, हळूहळू वाढवत चालू ठेवायला हरकत आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, रोज ताप येऊ लागला किंवा वजन उतरू लागलं तर न थांबता डॉक्टरांकडे जा.’

यातला शब्दन् शब्द तुम्ही बदला, तुम्हाला जास्त कळतं. गंभीर काही आढळलेल्या रुग्णाला हा कागद अर्थातच द्यायचा नाही, म्हणजे तो सरसकट पाकिटात घालून चालणार नाही, रिपोर्टवर सही करणाऱ्यालाच ते ठरवावं लागेल. प्रत्येक स्कॅनमागे अर्धं मिनिट जाईल. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी काउंटरवरच्या मुलीला तो एकदा मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. बारावीतला मुलगा शेजारी उभा असतोच, तोही ऐकेल.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक फिजिओथेरपिस्ट